जनाभाऊंच्या बंदुकीतलं अडकलेलं काडतूस

बंदूक दुरुस्त करणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस उभा राहतो. उंच, भरदार, मिशांना पीळ, आवाज असा की समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. मंगरूळपीरच्या माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक मला बघतं, माझ्या पाठीमागे बघतं आणि विचारतं, "मिस्तरी कुठी गेले?" मीच मिस्तरी, असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. उंची बेताची, मिशी नीट आलीच नाही म्हणून ठेवली नाही, आणि वर मी डावखुरा. बंदुकीच्या धंद्यात डावखुरा माणूस म्हणजे लग्नात उलटी पत्रावळ मांडणारा. सगळं करतो, पण बघणाऱ्याला चुकल्यासारखं वाटत राहतं.

दिवाळीच्या अंकात लिहितोच आहे, तर आणखी एक सांगून टाकतो. फटाक्यांना मी भितो. गल्लीत लवंगी माळ लागली की मी आतल्या खोलीत जातो. माझी बायको कुसुम दार लोटून घेते आणि शेजारणींना सांगते, "त्याईले अंदर काम हाय." शेजारणी समजून घेतात.

किती शिकार केली, असं मला नेहमी विचारतात. मी आजवर चिमणीसुद्धा मारलेली नाही. बंदूक माझ्याकडे येते ती बिघडून, आणि चालू झाली की मालकाकडे परत जाते. म्हणजे ज्या बंदुका चालत नाहीत त्यांच्याच संगतीत माझा जन्म गेला. चालणाऱ्या बंदुकीशी माझी ओळख तशी जुजबीच आहे.

हे काम मी अकोल्याला एका उस्तादांकडे शिकलो. त्यांचे नियम थोडे आणि कडक होते. पहिला नियम असा की दुकानात बंदुकीची नळी कायम खाली, वाळूच्या बादलीकडे. भरलेली असो, रिकामी असो, नुसता सांगाडा असो, दुकानात बंदूक खांद्याला लावायची नाही. "बेटा, दुकान में बंदूक का मुँह बालटी में, और तेरा मुँह बंद," असं ते म्हणायचे. माझं तोंड काही बंद राहिलं नाही, पण बादलीचा नियम मी देवाच्या आज्ञेसारखा पाळला. माझ्या दुकानात आजही ती बादली आहे. या नियमानं मला एकदा चांगलंच आंधळं केलं, ते पुढे सांगतो.

आमच्या भागातली गिऱ्हाइकं दोन जातींची. एक म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, ज्यांना रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं झोपू देत नाहीत. दुसरे बँकांचे आणि गोदामांचे पहारेकरी. निवडणूक लागली की सगळ्यांना आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्यामुळे निवडणूक म्हणजे माझा कडकडीत उपास. निकाल लागून बंदुका सुटल्या की गंजलेल्या नळ्या घेऊन लोक रांगेत उभे राहतात, तो माझा पारण्याचा दिवस. जिंकलेल्या उमेदवारापेक्षा मी जास्त खूश असतो.

रिठदचे एक बुवा आपली एकनळी घेऊन आले होते. "वजन वाढलं हाय हिचं," एवढीच तक्रार. मी नळी उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसेना. काडी घालून उकरायला लागलो. शेतातल्या खोपीत लटकवलेल्या त्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, आणि घरात घरमालकीण हजर होती. ती बाहेर आली आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसली. बुवा शांतपणे म्हणाले, "मी त नुसती रोह्याले दाखवतो, वाजवत नाई." त्यांनी ती वाजवली असती तर नळी फुटून हात गेला असता, हे मी त्यांना सुजलेल्या नाकानं समजावून सांगितलं. आठवडी बाजारात मात्र बातमी अशी पसरली की मिस्तरीच्या नाकाला छर्रा लागला. मी ती खोडून काढली नाही. माशी चावली म्हणण्यापेक्षा छर्रा बरा.

आता जनाभाऊंची गोष्ट. हे लिहायच्या आधी त्यांना विचारलं, नाव बदलू का. म्हणाले, "कायले बदलता? मायनं ठेवलेलं हाय."

जनाभाऊ कारंजा तालुक्यातल्या धनजचे. फौजेतून निवृत्त होऊन आले आणि आमच्या गावातल्या एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा. पेन्शन येत होती, घरची शेती मुलं बघत होती, नोकरीवाचून चूल अडत नव्हती. मग मंगरूळपीरला खोली घेऊन एकट्यानं राहायचं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "घरी मी काई कराले गेलो का म्हन्तात, 'बाबा, तुमी बसा.' इथंसा सारे मले फौजी म्हन्तात." शाखेत पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या बायासुद्धा आधी त्यांना रामराम करायच्या आणि मग खिडकीकडे जायच्या. जनाभाऊंना नोकरीतून हवं होतं ते एवढंच होतं.

पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीनं हुकूम काढला की जुन्या दुनळ्या आता चालणार नाहीत, पंपाच्या नव्या बंदुका हव्यात. जनाभाऊंनी आपली दुनळी विकली, नवीन घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे आणून दाखवली. काळी कुळकुळीत, खांद्याला टेकवायचा दस्ताही प्लास्टिकचा. मी ती बंदूक अशी हाताळली की जणू लहानपणापासून अशाच बंदुकांशी खेळत आलो. खरं सांगायचं तर तशी बंदूक मीही तेव्हा दुसऱ्यांदाच हातात धरली होती. पण मिस्तरीनं हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

तुम्हाला मात्र ती कशी चालते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुनळी बंदूक मधून मोडते, रिकामी काडतुसं हातानं काढायची, नवी हातानं भरायची. पंपाच्या बंदुकीत नळीखाली एक सरकती मूठ असते. उजव्या हाताचं बोट चापावर, डावा हात या मुठीवर. गोळी सुटली की डाव्या हातानं मूठ मागे ओढायची. आत एक बारकी नखी असते, ती रिकाम्या काडतुसाला, म्हणजे आमच्या भाषेत खोक्याला, पकडून मागे आणते. अगदी मागे एक छोटी पट्टी असते. खोका तिच्यावर आपटला की बाजूच्या खिडकीतून बाहेर उडतो. मग मूठ पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जातं. सगळं एका खटक्यात होतं. मात्र मूठ शेवटपर्यंत मागे यायला हवी. ती अलीकडेच थांबली तर खोका पट्टीपर्यंत पोहोचत नाही, उडत नाही, आणि मूठ पुढे नेली की पुन्हा आत जातो किंवा खिडकीत तिरका अडकतो. एवढं ज्ञान मला तेव्हाही होतं, हे लक्षात असू द्या.

दसऱ्याला माझ्या दुकानात शस्त्रपूजा असते. ओळखीची गिऱ्हाइकं आपापल्या बंदुका आणून पाटावर ठेवतात. त्या वर्षी मानाची जागा अर्थातच नव्या बंदुकीला. मी सोवळ्यात, अर्धे आठवणारे आणि अर्धे स्वतः रचलेले मंत्र म्हणत, मुठी भरभरून अक्षता उधळत होतो. तेलात कालवलेलं कुंकू बोटानं लावलं, तेही सढळ हातानं. दाराला झेंडूचं तोरण बांधायचं होतं. जनाभाऊ सगळ्यांत उंच, म्हणून मी तोरण त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "तुमचं दुकान हाय, तुमीच बांधा." मला गहिवरून आलं. केवढा मान देतो माणूस, असं वाटलं. मी स्टुलावर चढलो, स्टूल डगमगलं, आणि जनाभाऊंनी ते उजव्या हातानं घट्ट धरून ठेवलं.

दिवाळीनंतर पहारेकऱ्यांची चांदमारी झाली. वाशीमजवळच्या मैदानावर त्यांची नेमबाजी तपासतात. जनाभाऊंची पहिली गोळी निशाणावर लागली, आणि खोका उडाला नाही. खिडकीत तिरका अडकून बसला. एजन्सीचा सुपरवायझर तसा सज्जन माणूस. तो म्हणाला, बंदूक नवीन आहे, दुरुस्त करून घ्या, पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा या. पण तेव्हाही अडकली तर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल. जनाभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आले आणि बंदूक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मिस्तरी, खोका उडून नाई राह्यला."

मी म्हटलं, "बसा. आत्ता काहाडतो तिची खोड."

नव्या बंदुकीला कारखान्यातून येताना गंज लागू नये म्हणून जाड वंगण फासलेलं असतं. ते मी नीट काढलं नव्हतं, असं माझं निदान. सगळी बंदूक उघडली, रॉकेलनं धुतली, पुसली. आणि नखीच्या खाली, अगदी कोपऱ्यात, काहीतरी दिसलं. चिमट्यानं ओढलं तर तांदळाचा दाणा निघाला, हळद लावलेला. मीच उधळलेली अक्षता. मागोमाग आणखी एक निघाला, आणि तेलातल्या कुंकवाचा चिकट थर तर सगळीकडे होता. कुसुम तेव्हा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "देवाले वाह्यलं, थे देवानं ठेवून घेतलं." जनाभाऊ इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. मी ते दाणे कागदावर ठेवून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. आपलाच गाढवपणा आपणच शोधून काढला, तर त्यालाही हुशारी म्हणता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

वाळूच्या बादलीकडे नळी करून मी मूठ ओढली. खटॅक. नकली काडतूस टणकन बाहेर पडलं. ही बिनबारुदाची काडतुसं आम्ही तपासणीला वापरतो. मग जनाभाऊंनी तशीच बंदूक कमरेशी धरून ओढली. पुन्हा खटॅक. चहा झाला, समाधान झालं.

चार दिवसांनी जनाभाऊ परत आले. बँकेच्या मागच्या आवारात सुपरवायझरनं नकली काडतुसांवर कवायत घेतली होती आणि खोका पुन्हा अडकला होता. मी म्हटलं, तुमची नकली काडतुसं झिजलेली आहेत. नवी दिली. पुन्हा अडकला. मग मी नखीची स्प्रिंग बदलली. माझ्या दुकानात सगळं चोख चालायचं, माझ्या हातातही आणि त्यांच्या हातातही. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते, तशातली गत. आणि बाहेर कवायतीला गेलं की खोका हटकून अडकायचा. दर खेपेला जनाभाऊ थोडे आणखी गप्प होऊन यायचे. शाखेत एक नवीन, तरुण पहारेकरी येऊन काम बघून गेला होता, हे त्यांनी मला बंदुकीकडे बघत सांगितलं.

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या इंजिनिअरनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वापरणारा मूठ पूर्ण मागे ओढतो का?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, फौजी माणूस आहे तो. तुमच्या माझ्या जन्माआधीपासून..." हे वाक्य कुठे जाणार आहे हे मलाच कळेना, म्हणून तिथेच सोडलं. त्यानं बिचाऱ्यानं वाद घातला नाही, नवी पट्टी पाठवून दिली. मी ती बसवली, घासली, पुन्हा बसवली. दुकानात चालली, कवायतीत अडकली. शेवटी मी जाहीर केलं की या बंदुकीची कुंडलीच वाईट आहे. कारागिराचं ज्ञान संपलं की ज्योतिष सुरू होतं.

पुढची तुकडी तोंडावर आली. त्या दिवशी जनाभाऊ आले ते दुकानामागच्या आमच्या घरात चहाला बसले. कुसुमनं त्यांना फळीवरचा पापडाचा डबा काढून मागितला, माझा हात तिथे पोहोचत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी कप खाली ठेवला, डबा उजव्या हातानं ओढला आणि छातीवर घेतला. डाव्या हातानं तो नुसता खालून टेकवला. मी समोरच होतो. मला दिसलं ते एवढंच की पापड आता तळले जाणार.

ते गेल्यावर कुसुम म्हणाली, "त्याईचा डावा खांदा धरला हाय."

"तुले काय माईत?"

"माहा धरला होता नं. पुरा हिवाया मले येनी घालता येत नव्हती. हात छातीच्या वर जाये नाई." ती पापड कढईत सोडत होती. "तवाबी तुमाले कुठी दिसलं होतं?"

मी मनातल्या मनात ती बंदूक उचलून पाहिली. बंदूक कमरेशी धरली की डावा कोपर खाली असतो, मूठ पूर्ण मागे येते. खांद्याला लावली की हात वर उचलून ओढावं लागतं. आणि माझ्या दुकानात कोणी कधी बंदूक खांद्याला लावलेलीच नव्हती. उस्तादांचा नियम मी इतका मनापासून पाळला होता की बिघाड दिसायची एकच जागा होती, ती मीच बंद करून ठेवली होती. आणि कंपनीचा तो इंजिनिअर, ज्याला मी फोनवर झापलं, त्यानं ते नागपूरच्याही पलीकडे बसून ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी जनाभाऊंना परसात नेलं. मागे मातीची जाड भिंत आहे. बंदूक दोनदा तपासली, नकली काडतुसं भरली आणि म्हटलं, "खांद्याले लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हन्ता नं लावाची नाई म्हनून."

"आज लावा."

त्यांनी लावली. उभं राहणं असं की बघत राहावं. मग डाव्या हातानं मूठ ओढली. ती मागे आली आणि दोन बोटं अलीकडे थांबली. खांदा तिथून पुढे जायलाच तयार नव्हता. खोका खिडकीत दिसला आणि पुन्हा आत गेला. "पुन्यांदा," मी म्हटलं. पुन्हा तेच झालं. त्यांनी बंदूक खाली घेतली, खाटेवर आडवी ठेवली आणि शेजारी बसले.

"मले मालूम होतं, मिस्तरी."

"कवापासून?"

"चांदमारीपासून. ओढतानी मध्येच कळ येते अन् हात थांबते." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "पन तुमी दर वक्ती तिच्यातून काई ना काई काहाडून राह्यले होते. दाना काहाडला, स्प्रिंग बदलली, पट्टी बदलली. मले वाटे, अशीनबी तिच्यातच खोट. बंदूक बिघडली त दुरुस्त होते नं."

मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांचं वाईट वाटलं. इतके दिवस मी नव्याकोऱ्या, धडधाकट बंदुकीत खोट शोधत होतो, आणि हा माणूस प्रत्येक वेळी माझ्या हातांकडे आशेनं बघत बसत होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी लिहून देता काय, बंदूकच खराब हाय म्हनून?"

देऊन टाकावं असं मनात आलं. माझ्या सहीचा कागद गेला असता तर सुपरवायझरनं मान्य केला असता, बंदूक बदलून येईपर्यंत जनाभाऊ दारावर राहिले असते. पण तेवढे दिवस बँकेच्या दारात अशी बंदूक उभी राहणार होती, जी तिच्या मालकाच्या हातात एकदाच वाजते. मला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. अशा वेळी माणूस हाताला चाळा म्हणून काहीतरी उचलतो, तशी मी खाटेवरची बंदूक उचलली. आणि डावखुरा असल्यामुळे सवयीनं माझ्या उलट्या हातात धरली. उजवा हात मुठीवर.

"जनाभाऊ," मी म्हटलं, "तुमचा उजवा खांदा कसा हाय?"

"बैल हाय."

"मंग उजव्या हातानं ओढा. बंदूक डाव्या खांद्याले लावा, माह्यावानी."

त्यांनी तसं केलं. डाव्या हाताला आता फक्त दस्त्याशी, छातीजवळ राहायचं होतं. उजव्या हातानं मूठ खाडकन शेवटपर्यंत आली आणि खोका उडून कुसुमच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत पडला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसलो. त्यानंतर रोज दुपारी परसात आमची तालीम चालायची. जन्मात चिमणी न मारलेला, फटाक्याला भिणारा माणूस एका फौजीला बंदूक कशी धरायची ते शिकवत होता. कुसुम मिरच्यांवर चादर टाकून ठेवायची.

चांदमारीच्या दिवशी सुपरवायझरनं मलाही बोलावलं, अडकलीच तर तिथल्या तिथे बघता यावं म्हणून. मी कानात कापूस घालून पार मागे उभा होतो. जनाभाऊंनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. सुपरवायझर म्हणाला, "फौजी, डावरे कधीपासून झालात?" जनाभाऊ म्हणाले, "बंदूक नवी हाय साहेब, तिच्या मनानं घ्या लागते."

पहिली गोळी सुटली, आणि मला तेव्हा, त्या क्षणी, आठवलं की बंदूक लाथ मारते. बारा बोअरची लाथ म्हणजे चांगल्या खांद्यालाही दिवसभर पुरते. इतकी वर्षं बंदुका उघडतो-मिटतो आहे, पण मी नकली काडतुसांचा माणूस, मला ते सुचलंच नव्हतं. मी त्यांचा दुखरा खांदा त्या लाथेखाली दिला होता. जनाभाऊंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. त्यांची मान जराशी हलली, खोका चकाकत बाहेर उडाला, दुसरी गोळी सुटली, दुसरा खोका उडाला. मी मोजत नव्हतो. संपू दे रे बाबा, एवढंच म्हणत होतो. सगळे खोके उडाले, सगळ्या गोळ्या निशाणावर लागल्या. जनाभाऊ वळले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता, पण चालत आले ते ताठ.

सुपरवायझरनं माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्तरी, मानलं तुम्हाला. शेवटी काय केलंत?"

"पट्टी जरा घासली," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली दुरुस्ती ती हीच. तिला एकही अवजार लागलं नाही आणि बंदुकीत काही बिघडलेलंही नव्हतं.

परतताना एसटीत मी नुसता उधळलो होतो. म्हटलं, "आता तुमाले दारावरून कोनी हलवत नाई, जनाभाऊ. खांद्यालेबी आराम पडन, कुसुमले इचारून घ्या, तिनं काय काय केलं होतं थे."

जनाभाऊ म्हणाले, "मी सोमवारी राजीनामा देऊन राह्यलो."

मला वाटलं, मी कापूस काढायचा विसरलो. "पास झाले नं तुमी?"

"झालो. नापास होऊन जाचं नव्हतं मले." मग म्हणाले, "अन् असा पास होऊन राहाचंबी नाई. उद्या खरंच कोनी दारात आलं, अन् दुसऱ्या गोळीले हा खांदा उठलाच नाई, त त्याले म्हनू काय, थांब बावा, माहा खांदा धरला हाय? अंदर मानसं अस्तात, मिस्तरी."

मला राग आला. आपली एवढी मेहनत वाया गेली म्हणून आला, हे खरं आहे. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत फुगून बसलो. मग सहज वळून पाहिलं तर त्यांनी डाव्या हाताचा पंजा शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवून ठेवला होता, हात लोंबू नये म्हणून. माझा राग गेला.

शाखेनं निरोप समारंभ केला. सुपरवायझर आला, मॅनेजरनं भाषण केलं, त्यात जनाभाऊंनी शेवटची चांदमारी किती झोकात पार पाडली ते दोनदा सांगितलं. रामराम करणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोघी-तिघी जणी पासबुकं हातात धरून मागे उभ्या होत्या, त्यांतली एक डोळे पुसत होती. मग भेट आली. सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेलं भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ, काचेचं, लोलकाचं, चांगलं वजनदार. फोटोवाला म्हणाला, "फौजीकाका, दोन्ही हातांनी धरा. चेहऱ्याच्या बाजूले, वर. अजून वर."

जनाभाऊंनी घड्याळ छातीपर्यंत उचललं. उजवी बाजू वर गेली. डावी तिथेच राहिली. ते हसत होते, पण त्यांचे डोळे मला शोधत होते.

मी खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाच्या तरी पायावर पाय देत पुढे गेलो आणि घड्याळाची डावी बाजू धरून टाचा उंचावून उभा राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, मिस्तरी घुसलाच फोटोत." लोक हसले. सुपरवायझरही हसला.

तो फोटो आता धनजला जनाभाऊंच्या बैठकीत लावलेला आहे. मधोमध एक ताठ, उंच फौजी आणि त्याच्या बाजूला घड्याळाला लटकल्यासारखा दिसणारा एक बुटका माणूस. घरी आलेले पाहुणे विचारतात, हा कोण आगाऊ. जनाभाऊ त्यांना सांगतात, "थो मिस्तरी हाय. त्याले फोटोची भल्ली हौस."